माइकवाल्यांचा प्रीअँप

रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशानने विचारलं, "आजी, तुझ्या मागे कपाटावर नारिंगी काय पेटलंय?" मी सांगायला लागले तेवढ्यात तुमची आई मध्ये आली आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी सुरू झाली. दोन दिवसांनी रेवाचा मेसेज आला, की तिने तिकडे जुन्या बाजारातून तबकड्यांचं टर्नटेबल घेतलं आहे, पण त्याला फोनो प्रीअँप लागतो. चांगला परवडत नाही आणि परवडणारा चांगला नाही. शेवटी लिहिलं होतं, "तुला यातलं काही कळत नसेल, पण सांगून ठेवते."

मला यातलं थोडं कळतं. कपाटावर पेटलेलं ते हेच यंत्र आहे, आणि ते घरात बनलेलं आहे. ज्यांनी बनवलं त्यांच्याविषयी तुम्हाला सांगायचं फार दिवस राहून गेलं. फोनवर ते पुरं होणार नाही, म्हणून लिहिते.

आधी प्रीअँप म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढे अडणार नाही. तबकडीच्या खाचेतून सुईला मिळतो तो आवाज फार क्षीण असतो. तो वाढवावा लागतो. शिवाय तबकडी कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम कमी केलेला असतो आणि वरचा, टिपेचा आवाज मुद्दाम वाढवलेला असतो. ऐकताना दोन्ही पुन्हा जागेवर आणायचे. आवाज वाढवण्याचं काम व्हॉल्व्ह करतात, म्हणजे ईशानला दिसल्या त्या काचेच्या नळ्या. जागेवर आणण्याचं काम काही लहान लहान भाग करतात. त्यातला एक कपॅसिटर, तांदळाच्या पापडीच्या तुकड्याएवढा, टिपेचा आवाज सांभाळतो. तो जितका मोठा, तितका वरचा आवाज खाली बसतो. जितका लहान, तितका आवाज चिरका. एवढं लक्षात ठेवा.

हे मला शिकवलं माझ्या लातूरच्या घरमालकांनी. त्यांचं नाव लिहीत नाही. स्वतःचं नाव कुठे लिहिलेलं त्यांना आवडायचं नाही. मुलीच्या लग्नपत्रिकेवरूनही त्यांनी ते काढायला लावलं होतं, आणि छापखानेवाल्याने व्याह्यांना फोन करून खात्री करून घेतली होती. मूळचे ते कंधारकडचे. जन्म गेला नांदेडला, लग्नाकार्यांत आणि सभांमध्ये लाउडस्पीकर लावण्यात. तिथे त्यांना सगळे माइकवाले म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

लातुरात घरमालक खोल्या देतात त्या शिकवणीच्या मुलांना. एका खोलीत तीन कॉट, तीन भाडी. मी नांदेडच्या शाळेतून निवृत्त होऊन आले तेव्हा मला एकटीला कोणी खोली द्यायला तयार नव्हतं. माइकवाल्यांनी मला नोकरीचं विचारलं नाही, नातेवाइकांचं विचारलं नाही.

"बाई, अक्षर कसं हाय तुमचं?"

माझ्या पर्समध्ये किराण्याची यादी होती. ती दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, वेलदोड्यांपाशी जरा थांबले आणि म्हणाले, "सामान कवा आनता?"

त्यांना लिहायला माणूस हवं होतं. सोल्डरिंगचा हात असा, की दोन तारा जोडल्यावर सांधा मोत्यासारखा चमकायचा. पण पेन हातात घेतलं की कपाळाला घाम. त्यामुळे वरची खोली भाड्याने घेतल्याबरोबर मी त्यांच्या प्रयोगांची लेखनिकही झाले. एक दोनशे पानी वही आणली, समास आखले, रकाने पाडले: तारीख, काय बदललं, काय ऐकू आलं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे.

त्यांचा डावा हात कायम पाठीमागे, पायजम्याच्या नाडीत खुपसलेला असे. पहिल्यांदा मला वाटलं हात अधू आहे. मग कळलं, व्हॉल्व्हच्या यंत्रात अडीचशे व्होल्ट खेळत असतात. एक हात यंत्रात आणि दुसरा पत्र्याला लागला, तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाते. म्हणून एकच हात वापरायचा. ही सवय त्यांना इतकी मुरली होती, की चहा पिताना, देवाला फुलं वाहताना, इतकंच काय बँकेत सही करतानाही डावा हात मागे. कागद धरायला ते शेजारच्याला सांगत.

दुसरी सवय फुंकरीची. जुन्या व्हॉल्व्हवरचा नंबर पुसला जातो. काचेवर तोंडाची वाफ सोडली, की तो क्षणभर उमटतो. नांदेडच्या भंगार बाजारातून आणलेले व्हॉल्व्ह ते ओसरीत मांडून बसत आणि एकेकावर "हाऽ" करत. समोरच्या घरातल्या आजीबाईंना वाटायचं, ते कसला तरी मंत्र टाकतात. त्यांनी नातवाचा ताप उतरत नव्हता तेव्हा त्यालाही आणून समोर बसवलं. माइकवाल्यांनी त्याच्यावरही "हाऽ" केलं आणि डॉक्टरचा पत्ता दिला.

माणसं ते आवाजावरून ओळखत. "ह्या मानसात खर्जच न्हाई, मत कसं द्यावं?" हे त्यांचं राजकारण. भाजीवालीचा आवाज फाटलेला म्हणून तिच्याकडची भाजी घेऊ नये, असं त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, बजावलं होतं. माझ्याविषयी म्हणत, "बाईचा मधला आवाज लई चांगला हाय. पन शेवटचं अक्षर गिळतात." मी छत्तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं शिकवलं होतं. मला राग आला होता.

आता प्रीअँपचं कारण सांगते. नांदेडला दिवाळीनंतरच्या एका रविवारी जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांची बैठक भरते. चाळीस-पन्नास माणसं एका लहान मंगल कार्यालयात जमतात, आपापली यंत्रं आणतात, दिवसभर ऐकतात, मधे पुरीभाजी खातात. माइकवाल्यांचा वर्षाचा सण तो हाच. माइकचा धंदा चालू होता तेव्हा मोठमोठे गवई त्यांनी मागून मान हलवल्याशिवाय तोंड उघडत नसत, ही गोष्ट त्या बैठकीत सगळ्यांना माहीत. मशीन कोणाचंही असो, वाजून झालं की माना त्यांच्याकडे वळायच्या.

एका वर्षी एका कापडाच्या व्यापाऱ्याने परदेशी संच आणला. वाजून झाल्यावर माना वळल्या. माइकवाले म्हणाले, "देखना हाय. पन खालचा सूर मेलाय ह्याच्यात."

व्यापारी हसला. "मामा, तुमचा जमाना लग्नाच्या भोंग्याचा. ही वस्तू वेगळी आहे."

लोकही हसले. माइकवाले उभे राहिले. "पुढल्या बैठकीला मी आनतो. घरात बनवून, व्हॉल्व्हचा. तुमच्या संचाला जी नुसती वायर लागलीय ना शेठ, तिच्या किमतीत. बरोबर वाजला न्हाई तर ह्या हॉलात पुन्हा पाय ठेवनार न्हाई."

मला त्यांनी हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं. वहिनी ताक देता देता म्हणाल्या, "तिथं न्हाई गेले तर घरातच बसतील बारा म्हैने. माझ्या डोक्याशी. बाई, कसं बी करून ते मशीन वाजवा."

तर काम सुरू झालं. ट्रान्सफॉर्मर एका मेलेल्या रेडिओतला. सांगाडा करडईच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला. आत अजून तेलवाल्याचं सूर्यफूल दिसतं, करडईच्या डब्यावर सूर्यफूल का, ते मलाही कळलेलं नाही. व्हॉल्व्ह दोन, दोन्ही भंगारातले. ते तापवायला बारा व्होल्टचा शांत पुरवठा लागतो, तो कुठून आणावा यावर दोन दिवस विचार चालला. तिसऱ्या दिवशी माझं इंटरनेट बंद पडलं. कंपनीला तीन फोन केले. चौथ्या फोनवर मुलगा म्हणाला, "आजी, अडॅप्टर लावलाय का?" लावलेला नव्हता. तो खाली व्हॉल्व्ह तापवत होता. तो रविवार तुम्हाला आठवत असेल, आजी फोनवर का आली नाही म्हणून तुमच्या आईने पोलिसांत जायची तयारी केली होती.

"विचारायचं तरी," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तुमी दिला असता का?"

"नसता."

"मग काहून विचारू?"

यंत्र पहिल्यांदा वाजलं तेव्हा शहनाई ऐकू आली, आणि शहनाईच्या खाली एक अखंड "घूंऽऽ". त्यांच्याकडे शहनाईची एक तबकडी होती, चाचणीला कायम तीच. दीड महिना ते त्या घूंच्या मागे होते. तारा पिळल्या, पत्र्याच्या भिंती घातल्या, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला. घूं काही दिवस कमी व्हायचं आणि पुन्हा यायचं. मी रोज रकान्यात लिहीत होते: घूं जास्त, घूं जास्त, घूं कमी, घूं जास्त. एका दुपारी पानं चाळताना माझ्या लक्षात आलं, की "घूं कमी" नेमकं आठ-नऊ दिवसांनी येतं. लातुरात आठ-नऊ दिवसांनी काय येतं? नळाला पाणी.

मी त्यांना वही दाखवली. ते उठले आणि जिन्याखाली गेले. तिथे अर्थिंगचा खड्डा होता. विजेच्या तारेचं एक टोक जमिनीत पुरतात तो. नळ आला की वहिनी अंगण धूत, ते पाणी खड्ड्यात मुरायचं, जमीन ओली झाली की घूं बसायचं. एरवी खड्डा कोरडाठाक.

त्या दिवसापासून खड्ड्याला रोज एक बादली. लातुरात. वहिनी जिन्यात उभ्या राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अवो, मानसाला प्यायला पानी न्हाई अन् हे जमिनीला पाजून राहिले!"

"माझ्या आंघोळीचं हाय ते."

"म्हंजी तुमी आंघोळ करनार न्हाई?"

"जमिनीनं केली की."

हे पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी मी मध्ये पडले, कारण त्यांच्या शेजारी बसून लिहायचं मला होतं. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे खारट पाणी वाया जातं, ते अर्थिंगला उत्तमच, मिठाचं असल्यामुळे. वहिनी त्याने फरशी पुसत. बरीच घासाघीस होऊन अर्धं फरशीला, अर्धं खड्ड्याला असं ठरलं. स्वयंपाकघरातून जिन्याखाली एक पिवळी नळी गेली आणि घूं गेलं.

मला वाटलं, झालं. बैठकीला अजून चार महिने होते. पण माइकवाले तबकडी संपल्यावर मान तिरपी करून बसले. "दबलंय. वरचा सूर दबलाय. बाई, लिवा, हजारचा काढला, आठशेवीसचा टाकला."

हजार म्हणजे त्या टिपेच्या कपॅसिटरचं माप. त्यांनी सुरुवातीला हजार पीएफचा बसवला होता, तरुणपणी एका रेडिओवाल्याकडे पाहिलेला, तेवढ्या आठवणीवर. मी एकदा विचारलं होतं, पुस्तकात काय दिलंय ते बघायचं का? तेव्हा म्हणाले, "पुस्तकाला कान असत्यात का, बाई?"

पंधरा दिवसांनी आठशेवीस गेला, सहाशेऐंशी आला. मग पाचशेसाठ. प्रत्येक वेळी तेच, "अजून दबलंय." शहनाई मला तर आता दाताच्या डॉक्टरकडच्या मशीनसारखी लागत होती. गल्लीतलं कुत्रं आमच्या ओट्यावर झोपायचं, ते पलीकडे गेलं. पोस्टमन म्हणाला, "लग्न कुणाचंय? वाजंत्रीवाले नवे दिसतात." मी रकान्यात "काय ऐकू आलं" खाली माइकवाले सांगतील तेच लिहीत होते: दबलेलं, थोडं दबलेलं. स्वतःला काय ऐकू येतं ते लिहिलं नाही. मला वाटायचं, पन्नास वर्षं ज्यांनी कानावर पोट भरलं, त्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाईने काय सांगायचं! ही माझी चूक, आणि ती मी तीन महिने केली.

मग चारशेसत्तर आला. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. त्या दुपारी वीज गेलेली, जिन्यातला इन्व्हर्टर बॅटरी संपत आली म्हणून टीं टीं करत होता. तो आवाज इतका बारीक आणि टोकदार होता, की मी वरून खाली आले बंद करायला. माइकवाले इन्व्हर्टरला टेकून स्टुलावर बसले होते आणि शांतपणे दातांनी तार सोलत होते.

"बंद करू का हा?" मी विचारलं.

"काय बंद करता?"

मी वर जाऊन वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचत गेले. हजार, आठशेवीस, सहाशेऐंशी, पाचशेसाठ, चारशेसत्तर. यंत्र बिघडत नव्हतं. पन्नास वर्षं भोंग्यांच्या पुढ्यात बसलेल्या माणसाचा कान वरून वरून संपत चालला होता, आणि जे ऐकू येत नाही ते माइकवाले यंत्राकडून ओढून काढत होते. मी शेवटचं अक्षर का गिळत होते, तेही मला कळलं. आणि हे असं यंत्र घेऊन ते नांदेडला जाणार होते, त्याच लोकांपुढे, त्याच व्यापाऱ्यापुढे, पुन्हा पाय न ठेवण्याचा शब्द देऊन. मी गप्प बसले तर ते तिथे हसं करून घेणार. सांगितलं तर मग त्यांच्याकडे राहतं काय?

मी आधी खात्री केली. इंटरनेटवरून त्या विषयाचं एक इंग्रजी टिपण काढलं, गणित दोनदा केलं. आमच्या यंत्राला हजारच बरोबर होता. ते पहिल्या दिवशीच बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी वीज पुन्हा गेली, इन्व्हर्टर पुन्हा टीं टीं करू लागला. मी वही त्यांच्यापुढे ठेवली.

"आता काय सापडलं? पुन्हा पानी?"

"नाही. आकडे वाचा नुसते."

त्यांनी चष्मा लावला. उजव्या हाताचं बोट रकान्यावरून खाली सरकत गेलं. तळाशी थांबलं. पुन्हा वर गेलं. त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हा धंदा त्यांचा होता. मग म्हणाले, "लई चिरकतंय का?"

"हो."

"कवापासून?"

"सहाशेऐंशीपासून."

"अन् काल तुमी काय बंद करून राहिल्या होत्या?"

"इन्व्हर्टर. आत्ताही वाजतोय."

ते उठले. इन्व्हर्टरपाशी वाकले, कान लावला. मग दुसरा लावला. मग मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा त्यांनी डावा हात पाठीमागून काढला आणि दोन्ही तळवे त्या डब्यावर ठेवून उभे राहिले.

"म्हंजी तुमी साऱ्याजणी तोंडातल्या तोंडात बोलत नव्हत्या."

"नाही."

"भाजीवाली बी?"

"तिचा आवाज चांगला आहे."

ते हसले नाहीत. आत जाऊन पडून राहिले. चार दिवस ओसरीत कोणी बसलं नाही. पाचव्या दिवशी वहिनी वर आल्या. मला वाटलं भांडायला आल्या.

"मला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "टीव्ही केवढा मोठा लावत्यात. नात फोनवर बोलती तर नुसतं हाव हाव करत्यात. पन सांगनार कोन? तुमी सांगितलं ते बरं केलं. आता उठवा बी तुमीच."

मी काही उठवलं नाही. ते स्वतःच उठले, कारण त्या दिवशी नळाला पाणी आलं आणि वहिनींनी खड्ड्याची नळी काढून फरशीला लावली. बाहेर येऊन त्यांनी नळी पुन्हा बसवली, सोल्डरिंगची काडी तापवली आणि चारशेसत्तरचा काढून हजारचा टाकला. तबकडी लावली. शहनाई वाजली, गोड, भरलेली, फुंकणाऱ्याचा श्वाससुद्धा कळेल अशी. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"मला गोधडीतून ऐकल्यागत वाटून राहिलंय," ते म्हणाले. "तुमाला?"

"फार छान वाटतंय."

"मला बरं वाटावं म्हनून?"

"मी कोणाला फुकट गुण दिलेले नाहीत."

"ते बी हाय," म्हणाले. "लिवा मग. हजार."

बैठकीला आम्ही तिघंही गेलो. यंत्र त्यांच्या मांडीवर, शालीत गुंडाळून. एसटीच्या धक्क्यांनी व्हॉल्व्ह फुटू नयेत म्हणून ते काढून स्टीलच्या डब्यात, ज्वारीत पुरले होते. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी झाकण उघडून ज्वारीत बोट घातलं आणि दोन्ही आहेत का पाहिलं. शेजारचा प्रवासी म्हणाला, "काय काका, अंडी का?" पुढे लोहा गाव येईपर्यंत त्याला व्हॉल्व्ह म्हणजे काय ते कळलं होतं. नांदेडला उतरताना वहिनी म्हणाल्या, "ज्वारी सांडू नका. पेरायची हाय ती."

हॉलमध्ये व्यापारी होताच. वाईट माणूस नव्हता. त्याने स्वतः उठून टेबल मोकळं करून दिलं. "या मामा. आणलंत म्हणायचं!" लोक तेलाच्या डब्याचा पत्रा बघून कुजबुजले, एकाने मोबाइलवर फोटो काढला. माइकवाल्यांनी व्हॉल्व्ह बसवले, एक मिनिट तापू दिले, सुई ठेवली. आणि मग त्यांनी जे केलं ते त्या हॉलमध्ये कोणी कधी पाहिलं नव्हतं. ऐकताना ते नेहमी डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून बसत. त्या दिवशी ते स्पीकरकडे पाठ करून उभे राहिले, लोकांकडे तोंड करून, डोळे सताड उघडे. एकेकाच्या चेहऱ्यावर थांबत होते.

पहिल्या रांगेतले दोघं बोलत होते, ते थांबले. मागे पुरीभाजीच्या ताटांचा आवाज चालला होता, तो थांबला. व्यापारी बोटात किल्ल्या फिरवत होता. त्या त्याने मुठीत धरल्या आणि धरून ठेवल्या. शहनाई संपल्यावर सुई आतल्या गोल खाचेत फिरत राहिली, कोणी उचलायला सांगितलं नाही.

मग व्यापारी म्हणाला, "मामा, हरलो. खालचा सूर आहे, वरचा आहे. काय सांगू, कान अजून तसाच आहे तुमचा."

इथे ते गप्प राहिले असते तर काही बिघडलं नसतं. टाळ्या सुरू झाल्याच होत्या. मी मनात म्हणत होते, आता बसा.

"कान गेला माझा, शेठ," ते म्हणाले. "वरचं काहीच ऐकू येत न्हाई. मी बसवलं व्हतं तेनं कुत्रं पळून गेलं गल्लीतलं. हे बरोबर झालं ते त्या बाईच्या वहीनं. कसं वाजलं ते मी तुमच्या तोंडावर बगितलं आता."

मग मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मामा, मलाबी दोन वर्षं झाली. मी घरी सांगितलंच न्हाई." दुसऱ्या एकाने हळूच हात वर केला, जणू वर्गात आहे. मग तिसऱ्याने. सगळे हसायला लागले, तेही हसले. पुरीभाजी त्या दिवशी गार खाल्ली सगळ्यांनी. तीन जणांनी माझ्या वहीवरून आकृती आणि मापं उतरवून घेतली. त्यात व्यापारी एक होता. पुढच्या वर्षी तोही पत्र्याचा डबा घेऊन आला, आणि त्याच्या डब्यात घूं होतं. त्याला पाणी घालायला सांगितलं.

परत आल्यावर आठवडाभरात त्यांनी यंत्राच्या मागच्या बाजूला एक खटका बसवला. खटका एका बाजूला केला की हजारचा कपॅसिटर लागतो, दुसऱ्या बाजूला केला की चारशेसत्तरचा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाने काय लिहायचं ते मला सांगितलं, मी लिहिलं: "लोक" आणि "मी". संध्याकाळी एक तबकडी सगळ्यांसाठी लागायची, मग वहिनी आणि मी आत जायचो, दार लावून घ्यायचो, आणि ते खटका फिरवून एकटे ऐकायचे. आत दाराआडूनही आमचे दात आंबायचे. फटीतून पाहिलं तर त्यांच्या मांडीवर मात्र ताल चाललेला असे, उजव्या हाताने. पुढे त्यांनी कानाचं यंत्रही घेतलं, पण ते ऐकायला नाही, उघडून पाहायला.

रेवा, आकृती आणि मापांचं पान फोटो काढून पाठवते आहे. दोन व्हॉल्व्ह, एक ट्रान्सफॉर्मर, मूठभर भाग. जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि डावा हात पाठीमागे. यात विनोद नाही.

माइकवाल्यांना जाऊन दीड वर्ष झालं. वहिनी उदगीरला लेकीकडे असतात. जाताना यंत्र मला देऊन गेल्या, तबकडीसकट. दोन्ही व्हॉल्व्ह मूळचेच आहेत. पत्र्याला एका कोपऱ्यात गंज धरला आहे. खटका दोन्ही बाजूंना फिरतो. गेल्या दिवाळीपासून मी तो "मी"कडे ठेवते; मला तिकडेच नीट ऐकू येतं.